रिकाम्या गाडीचा खर्च कोण सोसतं? ॲपने टॅक्सीचा धंदा कसा बदलला

टॅक्सीच्या धंद्यात पैसे मिळतात ते गाडीत प्रवासी बसलेला असताना. ड्रायव्हरचा दिवस मात्र त्याहून बराच लांब असतो. एक भाडं सोडलं की दुसरं मिळेपर्यंत गाडी रिकामी फिरते, नाहीतर कुठेतरी कडेला उभी राहते. इंधन जळतं, हप्ता थांबत नाही, विमा थांबत नाही. या मधल्या वेळाचं बिल कोणी फाडत नाही, पण पैसे कुणाच्या तरी खिशातून जातातच.

ॲपवरून गाडी बोलवायची सोय आल्यापासून हा धंदा कसा बदलला हे समजून घ्यायचं, तर या रिकाम्या वेळाचा माग काढावा असं मला वाटतं. नकाशावर सरकणारी गाडी, रेटिंगचे तारे, ऑनलाइन पैसे हे बदल प्रवासी म्हणून आपल्याला दिसतात, आणि ते सोयीचेच आहेत. पण ज्यावरून ड्रायव्हर संपावर गेले, खटले चालले, कायदे झाले, त्या भांडणाच्या मुळाशी रिकाम्या गाडीचा खर्च कोणी सोसायचा हाच प्रश्न आहे.

परवाना आणि मीटर कशासाठी होते

टॅक्सीवर सरकारी नियम एवढे का, असं अनेकांना वाटतं. कारण साधं आहे. रस्त्यावर उभ्या माणसाला दहा टॅक्स्यांचे दर विचारून त्यातली स्वस्त निवडता येत नाही. पाऊस कोसळत असताना समोर आलेली गाडी सांगेल तो दर द्यावा लागतो. म्हणून मीटर आला. आणि गाड्या कितीही येऊ दिल्या तर उलटी अडचण होते, धंदा इतका विभागला जातो की कोणाचंच पोट भरत नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९३०च्या दशकातल्या मंदीत नेमकं हेच झालं. नोकऱ्या गेलेले लोक टॅक्सी घेऊन रस्त्यावर उतरले, भाडी पाडली गेली, बारा-बारा तास गाडी चालवूनही हाती काही लागेना. शेवटी १९३७ मध्ये शहराने कायदा करून टॅक्स्यांची संख्या बांधून टाकली. परवाना म्हणून गाडीच्या बॉनेटवर धातूचा बिल्ला ठोकला जाऊ लागला. आजही तिथे असे बिल्ले साडेतेरा हजारांच्या आसपासच आहेत.

लंडनने वेगळी वाट धरली. तिथे संख्येवर मर्यादा नाही, पण काळी टॅक्सी चालवायची तर चेरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या परिघातले सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ लागतात. १८६५ पासून चालत आलेल्या या परीक्षेच्या तयारीत तीन-चार वर्षं सहज जातात. एवढी मेहनत केल्यावर ड्रायव्हरला एक हक्क मिळतो. रस्त्यात हात दाखवणाऱ्या प्रवाशाला फक्त तोच घेऊ शकतो. बाकीच्या खासगी गाड्यांना आधी ठरवलेलंच भाडं घेता येतं.

हात दाखवून थांबवलेली गाडी आणि आधी ठरवलेली गाडी, हा फरक जगातल्या बहुतेक शहरांच्या कायद्यांत कुठल्या ना कुठल्या रूपात होता. पुढे ॲप आत शिरलं ते याच फटीतून. फोनवर बटण दाबून दोन मिनिटांत येणारी गाडी कायद्याच्या भाषेत ‘आधी ठरवलेली’ ठरते, आणि व्यवहारात ती रस्त्यात हात दाखवून थांबवलेल्या टॅक्सीइतकीच झटपट मिळते. त्यामुळे बिल्ला आणि परीक्षा कागदावर जशाच्या तशा राहिल्या, पण त्यांनी राखलेलं कुंपण गेलं.

जुनी व्यवस्था फार गुणाची होती असं अजिबात नाही. गाड्या मोजक्या असल्याने पावसात आणि रात्री मिळत नसत. शहराच्या कडेच्या आणि गरीब वस्त्यांतली भाडी सर्रास नाकारली जात. बिल्ला तर चालवणाऱ्यापेक्षा गुंतवणूकदाराच्या कामाची वस्तू होऊन बसला होता. न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या सुमारास एका बिल्ल्याची किंमत दहा लाख डॉलरच्या पुढे गेली. गाडी चालवणारा बरेचदा बिल्लाधारकाला पाळीचं भाडं आगाऊ मोजून मगच स्टिअरिंगवर बसायचा. म्हणजे रिकामा वेळ तेव्हाही ड्रायव्हरच्याच अंगावर पडायचा. फरक इतकाच, की गाड्यांची संख्या बांधलेली असल्याने तो आटोक्यात राहायचा, आणि मीटरचा दर ठरवताना रिकाम्या फेऱ्याही हिशेबात धरल्या जायच्या.

बटण दाबल्यावर काय होतं

उबर २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झाली, गॅरेट कॅम्प आणि ट्रॅव्हिस कॅलनिक यांनी काढली. आधी ती फक्त आलिशान काळ्या गाड्या पाठवायची. २०१२ मध्ये लिफ्ट नावाच्या अमेरिकन कंपनीने सामान्य माणसाला स्वतःच्या गाडीतून प्रवासी नेऊ द्यायला सुरुवात केली आणि उबरही त्याच वाटेने गेली. भारतात ओला २०१० मध्ये, चीनमध्ये दीदी २०१२ मध्ये उभी राहिली. चार-पाच वर्षांत जगभर हाच नमुना पसरला.

ॲपचं खरं कसब जुळणीत आहे, म्हणून ती जरा जवळून बघू. तुम्ही बटण दाबता तेव्हा आसपासच्या ऑनलाइन गाड्या दर काही सेकंदांनी आपली जागा सर्व्हरला कळवतच असतात. सर्व्हर नकाशावरचं सरळ अंतर बघत नाही. मधे नदी असेल, रस्ता एकेरी असेल, दुभाजक लांबच लांब असेल, तर शंभर मीटरवरची गाडी दहा मिनिटांवर असू शकते. म्हणून तो पोचायला लागणारा वेळ काढतो. आणि लगेच जवळची गाडी देऊन मोकळाही होत नाही. काही क्षण थांबून त्या भागातल्या सगळ्या मागण्या आणि सगळ्या मोकळ्या गाड्या एकत्र घेतो आणि सगळ्यांचं मिळून वाट बघणं कमीत कमी होईल अशा जोड्या लावतो. समोर उभी दिसणारी गाडी तुम्हाला न मिळता मागच्या गल्लीतली मिळते, ती बहुतेक यामुळे. त्याच वेळी ड्रायव्हरच्या फोनवर मोजके सेकंद टिकणारी एक चौकट उघडते. तेवढ्यात भाडं घ्यायचं की सोडायचं ते ठरवायचं.

या जुळणीने वाया जाणारा वेळ खरोखरच कमी होतो. अर्थतज्ज्ञ ॲलन क्रूगर आणि जड क्रेमर यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या काही शहरांची आकडेवारी तपासली. बहुतेक ठिकाणी ॲपवरच्या गाड्यांमध्ये प्रवासी असण्याचा वेळ जुन्या टॅक्सीपेक्षा बराच जास्त निघाला. हे श्रेय ॲपला द्यायलाच हवं.

मग ड्रायव्हर तक्रार का करतात? कारण वाचलेला वेळ त्यांच्या वाट्याला राहिला नाही. साधा हिशेब मांडू. समजा एका ड्रायव्हरच्या तासातली ३५ मिनिटं प्रवासी गाडीत आहे, ८ मिनिटं तो प्रवाशाला घ्यायला जातोय आणि १७ मिनिटं नुसती वाट बघतोय. आता तेवढीच मागणी असताना वीस टक्के गाड्या वाढल्या. प्रवाशाला गाडी आणखी लवकर मिळेल, तो खूश. फेऱ्या कमी झाल्या नाहीत, त्यामुळे कंपनीचं कमिशन जसंच्या तसं. ड्रायव्हरची ३५ मिनिटं मात्र २९ वर आली. एका भाड्याचा दर एका पैशाने न उतरता त्याच्या तासाच्या कमाईतला सहावा हिस्सा गेला. हप्ता तेवढाच राहिला.

एवढं कळलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं. प्रवाशाला कुठेही तीन मिनिटांत गाडी हवी असेल, तर शहरात कुठेही तीन मिनिटांच्या आत एक गाडी रिकामी उभी असायला हवी. ही तयारी हाच ॲपचा खरा माल आहे. अग्निशमन दलाच्या जवानाला आगी मोजून पगार देत नाहीत, तयार राहण्याचाच देतात. ॲपवरच्या ड्रायव्हरला मात्र तयार राहण्याचे काहीच मिळत नाहीत. कंपनीला आणखी एक गाडी ऑनलाइन आली तर जवळपास काहीच खर्च नाही, म्हणून नवे ड्रायव्हर घेण्याला तिच्या बाजूने मर्यादाही नाही.

ॲपवर गाडी चालवणाऱ्याला दिवसाला किती मिळतात असं विचारलं तर उत्तर लगेच येतं. तासाला किती सुटतात, असं विचारलं की त्याला थांबून हिशेब करावा लागतो. ॲप ठळक अक्षरांत दाखवतं ते दिवसाचा गल्ला. गाडीची झीज, टायर, इंधन, वाट बघण्यात गेलेले तास यांची वजाबाकी ज्याची त्याने करायची.

दर अचानक का वाढतो

गर्दीच्या वेळी भाडं दीडपट-दुप्पट होतं, त्याला सगळे ‘सर्ज’ म्हणतात. प्रवाशांना याचा सर्वांत जास्त राग येतो. जास्त पैसे दिसले की घरी बसलेले ड्रायव्हर बाहेर पडतात, हे कंपन्यांचं स्पष्टीकरण अर्धंच आहे. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

मोकळ्या गाड्या फार कमी उरल्या की ॲपला लांबची गाडी पाठवावी लागते. ड्रायव्हर पंधरा मिनिटं विनापैसे गाडी हाकत येतो, दहा मिनिटांचं भाडं करतो, पुढच्यासाठी पुन्हा पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही, म्हणून मोकळ्या गाड्या आणखी घटतात आणि पुढची गाडी याहून लांबून येते. थोड्या वेळात सगळ्या गाड्या धावतायत आणि फेऱ्या मात्र होत नाहीत, अशी अवस्था येते. दर वाढवला की काही प्रवासी थांबतात, चार गाड्या जवळपास मोकळ्या राहतात आणि हे दुष्टचक्र सुरूच होत नाही. २०१५ साल उजाडलं त्या रात्री न्यूयॉर्कमध्ये उबरची सर्ज यंत्रणा २६ मिनिटं बंद पडली. कंपनीच्याच संशोधकांनी नंतर लिहिलं, की त्या वेळात गाडी मिळायला लागणारा वेळ वाढला आणि पूर्ण होणाऱ्या मागण्यांचं प्रमाण कोसळलं. संशोधन कंपनीचं आहे हे लक्षात ठेवूनही त्यातला तर्क मला पटतो.

पटत नाही ते पुढचं. पूर्वी मीटरवर आकडा एकच असायचा आणि तो दोघांनाही दिसायचा. २०१६ च्या सुमारास ॲपने प्रवाशाला भाडं आधीच सांगायला सुरुवात केली. प्रवाशाला ते बरंच वाटलं. पण अनेक ठिकाणी त्यानंतर प्रवासी जे देतो आणि ड्रायव्हरला जे मिळतं त्यांचा एकमेकांशी ठरलेला संबंधच उरला नाही. एका फेरीत कंपनी दहा टक्के ठेवेल, दुसरीत चाळीस. वाढीव भाड्यातलं किती आपल्याकडे आलं हे ड्रायव्हरला कळत नाही, आणि मागच्या सीटवरच्या माणसाला वाटतं की पुढच्याची आज चंगळ आहे.

बिल कोणाकोणाच्या नावावर गेलं

सुरुवातीची बरीच वर्षं रिकाम्या गाड्यांचा खर्च चक्क गुंतवणूकदारांनी भरला. प्रवाशाला कूपन, ड्रायव्हरला इन्सेंटिव्ह, आणि तोटा कंपनीच्या ताळेबंदात. उबर मे २०१९ मध्ये शेअर बाजारात आली आणि वर्षभराच्या कामकाजातून नफा पहिल्यांदा दाखवला तो २०२३ मध्ये. खर्चाची ही शर्यत सगळ्यांना झेपणारी नव्हती. २०१६ मध्ये उबरने चीनमधला धंदा दीदीला आणि २०१८ मध्ये आग्नेय आशियातला ग्रॅबला देऊन टाकला, बदल्यात त्या कंपन्यांत हिस्सा घेतला. स्पर्धक कमी झाले तसे इन्सेंटिव्ह आटले. पहिल्या लाटेत गाडी घेतलेल्या ड्रायव्हरांचे हप्ते मात्र त्या जुन्या कमाईच्या हिशेबाने ठरलेले होते.

न्यूयॉर्कच्या बिल्लाधारकांचं जे झालं ते याहून वाईट. त्यातले बरेच जण स्थलांतरित. आयुष्यभर दुसऱ्याची टॅक्सी चालवून शेवटी स्वतःचा बिल्ला घेतलेले. दहा लाखांचा बिल्ला काही वर्षांत दोन लाखांच्या खाली आला आणि कर्ज तसंच राहिलं. याला फक्त ॲप जबाबदार नव्हतं. कर्ज देणाऱ्यांनी फेडण्याची ऐपत न बघता पैसे दिले होते आणि शहराने स्वतः बिल्ल्यांचे लिलाव करून कमाई केली होती. २०१८ मध्ये काही ड्रायव्हरांनी आत्महत्या केल्या. २०२१ मध्ये पंधरा दिवसांच्या उपोषणानंतर तडजोड झाली. कर्ज १,७०,००० डॉलरपर्यंत खाली आणून शहराने त्याची हमी घेतली.

काही खर्च शहराच्या रस्त्यांनीही भरला. ॲप आलं की लोक स्वतःची गाडी काढणार नाहीत आणि वाहतूक हलकी होईल, असं सांगितलं जायचं. सॅन फ्रान्सिस्कोवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार २०१० ते २०१६ या काळात कोंडीत वाया जाणारे वाहनांचे तास ६२ टक्क्यांनी वाढले. ॲपच्या गाड्या नसत्या तर ही वाढ २२ टक्के झाली असती, असा संशोधकांचा अंदाज होता. रिकामी गाडीही रस्त्यावर भरलेल्या गाडीइतकीच जागा घेते. शिवाय ॲपच्या गाडीत बसलेले बरेच जण एरवी बसने किंवा चालत गेले असते.

वाट बघणं हे काम आहे का

न्यायालयांत ‘ड्रायव्हर कामगार की स्वतंत्र व्यावसायिक’ असा जो वाद दिसतो, त्याचं व्यवहारातलं रूप हेच आहे. घड्याळ कधी सुरू करायचं?

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं, की उबरचे ड्रायव्हर कामगार आहेत आणि ॲप सुरू करून आपल्या भागात भाडं घ्यायला तयार असल्यापासूनचा वेळ कामाचा आहे. पुढच्याच महिन्यात कंपनीने किमान वेतन, भरपगारी सुट्टी आणि पेन्शन मान्य केलं, पण वेतन मोजलं भाडं स्वीकारल्यापासून प्रवासी उतरेपर्यंतचंच. कॅलिफोर्नियात तर कंपन्यांनी प्रचारावर प्रचंड पैसा ओतून नोव्हेंबर २०२० मध्ये सार्वमताने कायदाच करून घेतला. किमान वेतनाच्या १२० टक्के हमी त्यात आहे, मात्र तीही फक्त भाड्यावर असतानाच्या वेळाची. आधीच्या उदाहरणातला ड्रायव्हर घ्या. त्याच्या तासातली ४३ मिनिटं मोजली जातील आणि १७ मिनिटं नाहीत. पूर्ण तासाचा हिशेब केला तर किमान वेतनाच्या १२० टक्क्यांऐवजी ८६ टक्केच हातात पडतात, आणि त्यातून गाडीचा खर्च वजा करायचा तो वेगळाच.

मला सर्वांत हुशार वाटलेला नियम न्यूयॉर्कचा. २०१८ मध्ये त्या शहराने ॲपच्या नव्या गाड्यांचे परवाने थांबवले आणि फेब्रुवारी २०१९ पासून ड्रायव्हरचं किमान मानधन ठरवून दिलं. त्यासाठी केलेल्या पाहणीत आढळलं, की कामाच्या एकूण वेळापैकी सरासरी ५८ टक्केच वेळ प्रवासी गाडीत असतो. मग सूत्र असं केलं की मैलाचा आणि मिनिटाचा ठरलेला दर ०.५८ ने भागायचा. म्हणजे शंभराच्या जागी सुमारे १७२ द्यायचे. रिकाम्या वेळाचे पैसे भरलेल्या वेळात मिळवून टाकले. खरी मेख पुढे आहे. कंपनीने गरजेपेक्षा जास्त ड्रायव्हर भरले की ती टक्केवारी घसरणार आणि प्रत्येक फेरीचा दर वाढणार. गाड्या किती असाव्यात याची काळजी कंपनीला पहिल्यांदाच करावी लागली.

त्यावरही तोड निघाली. २०२४ मध्ये मागणी मंद असलेल्या वेळांत कंपन्या तिथल्या ड्रायव्हरांना ॲपमध्ये शिरूच देईनात. ड्रायव्हर गाडीत बसून, ॲप पुन्हा कधी उघडतंय याची वाट बघत. त्याचा वेळ पूर्वीइतकाच रिकामा जायचा, फक्त नोंदीतून गायब झाला. यावरून नियमच चुकीचा होता असा निष्कर्ष काहींनी काढला. मला तो घाईचा वाटतो. नियमाला पळवाट सापडली म्हणजे ती बुजवायची असते, आणि ती सापडली हे शहराला कळलं तेही कंपन्यांकडून फेऱ्यांची सविस्तर माहिती सक्तीने घेतली जाते म्हणूनच. ज्या शहरांकडे ही माहिती नाही, तिथे ड्रायव्हर म्हणणार कमाई घटली, कंपनी म्हणणार वाढली, आणि कोणालाच काही सिद्ध करता येणार नाही.

आता कुठे चाललंय

जुनी टॅक्सी संपली नाही, ती ॲपवर आली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्स्या उबरवर घ्यायचं ठरलं, पाठोपाठ लंडनच्या काळ्या टॅक्स्यांसाठीही तिने दार उघडलं. एकेकाळी एकमेकांविरुद्ध रस्त्यावर उतरलेले आता एकाच पडद्यावर आहेत. भारतात कमिशनच सोडून द्यायचा प्रयोग वाढतोय. ड्रायव्हरने ठरावीक शुल्क भरायचं, भाडं पूर्ण त्याचं. कमाईतली कपात थांबते हे चांगलंच आहे. पण यात कंपनीला पैसे मिळतात ते ड्रायव्हर ॲपवर आल्याचे. त्याला भाडी किती मिळाली यावर तिचं काही अडत नाही, आणि मंदीच्या दिवशीही शुल्क भरून बसणारा तोच असतो.

ड्रायव्हरविना चालणाऱ्या गाड्यांनी हा हिशेब पहिल्यांदाच उलटा होतो. वेमो या अमेरिकन कंपनीच्या अशा गाड्या २०२० पासून फीनिक्समध्ये आणि २०२४ पासून सॅन फ्रान्सिस्कोत सर्वांसाठी खुल्या आहेत, आणि ऑस्टिन, अटलांटा इथे त्या उबरच्या ॲपवरूनच मिळतात. इथे गाडीच्या मालकीचा खर्च ड्रायव्हरच्या माथी मारता येत नाही. गाडी रिकामी उभी राहिली तर ज्याने ती विकत घेतली त्याचेच पैसे अडकतात. म्हणून अशा गाड्या गर्दीच्या तासाला पुरतील एवढ्या कोणी घेणार नाही, दिवसभर कामात राहतील एवढ्याच घेतल्या जातील. मला धास्ती आहे ती पुढच्या पायरीची. दिवसभराची खात्रीची भाडी यंत्राला जातील, आणि सकाळ-संध्याकाळचे गर्दीचे दोन तास, पाऊस आणि सणासुदीच्या रात्री एवढ्यापुरती स्वतःची गाडी घेतलेली माणसं बोलावली जातील. त्या माणसाचा हप्ता मात्र महिनाभराचा असेल.